हाराखालची ओळ

कारखान्याचे बॉयलर पेटले की दोन-चार दिवसांत मळीचा वास शहरात उतरतो. आधी तो कालव्याच्या बाजूने येतो, मग स्टेशनाकडून, आणि नंतर कुठूनच येत नाही, तो असतोच. वाळत घातलेल्या कपड्यांना असतो, माठातल्या पाण्याला असतो. बाहेरगावचा माणूस नाकाला रुमाल लावतो. इथल्या माणसाला गळीत सुरू झाल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आधी कळते.

यंदाही तो आला. ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्याने गाणी लावून चौकातून जाऊ लागले. त्याच सुमारास चौकातल्या औषधाच्या दुकानाची पाटी नव्याने रंगवलेली दिसली. जिल्ह्याचे नाव बदलल्यामुळे पत्त्याची ओळ बदलली होती. अहिल्यानगर असे लिहून खाली कंसात बारीक अक्षरांत जुने नाव ठेवले होते. दुकानदाराचे म्हणणे, लोकांची सवय मोडेपर्यंत राहू द्यावे. त्यात गैर काही नाही. पण मळीचा वास आणि पाटीवरचा कंस एकत्र आले की एकाहत्तरचा हंगाम आठवतो. तो आठवणारी माणसे आता शहरात थोडी उरली आहेत.

तेव्हा नगरपालिकेच्या सभागृहात वार्ताहरांसाठी खिडकीखाली एक बाक असे. जिल्ह्याच्या दैनिकासाठी बातम्या लिहून संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे पाकीट द्यायचे, हे माझे काम होते. त्या बाकावरून जे दिसले आणि कोपऱ्यावरच्या उस्मानभाईंच्या सायकल दुकानात जे ऐकले, तेवढेच इथे आहे.

त्या वर्षी ऊस बैलगाड्यांतून येई. भंडारदऱ्याच्या पाण्यावर वाढलेला जाड, काळपट ऊस. पहाटे धुक्यात गाड्यांची रांग दिसत नसे, फक्त घुंगरांचा आणि लाकूड करकरल्याचा आवाज पुढे सरकत असे. ऊन वर आले की रस्त्यावर पाचट, शेण आणि चोखून टाकलेल्या चोयट्या. पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतून आलेल्या तोडणी कामगारांच्या कोप्या कालव्याच्या कडेने उभ्या राहत आणि त्यांच्या चुलींचा धूर मळीच्या वासात मिसळे.

हवेत आणखीही काही होते. पत्रावर नेहमीच्या तिकिटाखेरीज निर्वासितांसाठीचे पाच पैशांचे तिकीट लावावे लागे. हॉटेलातल्या रेडिओवर बातम्या लागल्या की भज्यांचा घाणा काढणारा माणूस झारा तसाच तेलात धरून उभा राही. पूर्व बंगालात निवडणूक झाली होती, निवडून आलेल्यांना सत्ता मिळाली नव्हती, मिळाले होते लष्कर. शहराने कपडे गोळा केले, धान्य गोळा केले. ज्या बायकांनी कधी बंगाल नकाशातही पाहिला नव्हता त्यांनी पेटीतली नवी लुगडी काढून दिली. हे सगळे खरे होते. पुढे जे घडले ते सांगताना हेही सांगायला हवे, नाहीतर हिशेब एकांगी होईल.

शहरात सोनटक्के नावाचे वकील होते. नगरपालिकेत निवडून आलेले, विरोधी बाकांवर बसणारे, खादीचा कोट घालणारे. त्यांना एका इंग्रजी साप्ताहिकात एक छायाचित्र दिसले. ढाक्याकडच्या एका कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक मोताहार मृधा. जाड भिंगाचा चष्मा, खांद्यावर शाल, एक खांदा किंचित खाली. लष्करी राजवटीविरुद्ध लिहिल्याबद्दल त्यांनी आधीही तुरुंग पाहिला होता. या खेपेला त्यांना वर्गातून नेले, आणि त्यानंतर त्यांचे काय झाले ते कोणालाच ठाऊक नव्हते. वकिलांनी तो फोटो कापून, चौकट करून आपल्या कचेरीत लावला. पक्षकारांना ते त्याच्याकडे बोट दाखवून सांगत, "या माणसाचा गुन्हा एवढाच, की मतपेटीतून जे निघालं ते खरं माना असं तो म्हणाला."

शहरातल्या एका रस्त्याला मृधांचे नाव द्यावे असा ठराव त्यांनी मांडला. विरोध करायला कोणी नव्हते. प्रश्न होता तो रस्त्याचा.

वकिलांच्या मनात बाजारपेठेचा रस्ता होता. व्यापारी मंडळी शिष्टाईने येऊन भेटली. प्राध्यापकसाहेबांबद्दल आदरच आहे, पण पेढ्यांच्या पाट्या, पावतीपुस्तके, पोत्यांवरचे छाप, सगळ्यांवर पेठेचे नाव आहे. स्टेशन रोडला आधीच एका स्वातंत्र्यसैनिकाचे नाव होते. देवळाकडच्या रस्त्याचा विषय निघताच एक सभासद फक्त म्हणाले, "नाव मुसलमानाचं आहे, एवढं लक्षात असू द्या," आणि तो विषय संपला. मग कोणालातरी आठवले की कोपऱ्यावरच्या गल्लीचे नाव बदलून द्या म्हणून तिथल्या लोकांचा अर्ज किती दिवस पडून आहे.

ती गल्ली म्हणजे शहराच्या पश्चिमेची वस्ती. कारखान्याकडे जाणारा रस्ता जिथे वळतो तिथे उस्मानभाईंचे दुकान, त्याच्या समोरून गल्ली आत जाते. मधोमध लिंबाचे झाड, पुढे पत्र्याचे विहार. गल्लीतल्या सगळ्या घरांनी छप्पन साली आणि त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत बौद्ध धम्म स्वीकारला होता. देव्हारे गेले होते, जुनी कामे सोडली होती. गल्लीचे नाव तेवढे राहिले होते. ते जातीचे नाव होते, पुढे वाडा लावलेले, महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत होते तसे. ते नाव इथे लिहिलेले नाही. वाचणाऱ्याला ते माहीत आहे.

गल्लीतून एक सभासद निवडून आलेला असे. त्या वेळी किसन मोरे होते. कारखान्यात फिटर, उंच, सावकाश बोलणारे. शहर त्यांना किसनराव म्हणे, गल्ली तात्या म्हणे. गल्लीचे नाव सिद्धार्थनगर करावे, असा अर्ज त्यांनीच दिला होता.

त्यांची मुलगी सुमन नुकतीच शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करून राहात्याच्या शाळेत लागली होती. राहाता फार लांब नव्हे, पण शाळा सकाळची, आणि तिला तिथे खोली हवी होती. खोली विचारायला गेले की पहिला प्रश्न आडनावाचा. मोरे हे आडनाव कोणाचेही असू शकते, म्हणून दुसरा प्रश्न येई, "घर कुठल्या आळीला?" तिथे बोलणे थांबे. दोन घरी असे झाले होते.

ठरावाची कुणकुण लागली त्या दिवशी उस्मानभाईंच्या बाकावर जी चर्चा झाली ती पालिकेतल्या चर्चेपेक्षा सरस होती. लक्ष्मण आबा नावाचे म्हातारे, दीक्षेला नागपूरला जाऊन आलेले, काठी टेकून बसले होते. तात्या कामावरून आलेले, हाताला ग्रीस. सुमन दुकानातून भाड्याने नेलेली सायकल परत द्यायला आलेली.

"आमी नागपूरला गेल्तो तवा ही बोट धरून चालत हुती," आबा म्हणाले. "आता ही आमाला शिकीवती. सिद्धार्थनगर सोडून कुठल्या परफेसराचं नाव घ्यायचं म्हनं."

"आबा, सिद्धार्थनगर म्हटलं की ऐकणाऱ्याला काय कळतं?"

"आपन बौद्ध हाय ते कळतं. कळू दे की. लपवायचं काय त्यात?"

"लपवायचं नाही. मला पत्ता लिहायचाय. पत्त्यानं पत्ता सांगावा, एवढंच. मृधा मार्ग म्हटलं तर माणूस फार तर विचारील, हे कोण."

"मंग त्याला सांग, आमच्यापायी तुरुंगात जाईल असा जवळपास कुनी गावला न्हाई, म्हून लांबून आनला."

उस्मानभाई पंक्चर काढता काढता हसले. "आबा, माणूस चांगला दिसतोय पण. फोटो पाहिला मी वकिलांकडं."

"चांगला असंल. त्यानं कुठं मागितलीय ही गल्ली? पेठंनं नको म्हनलं, देवळानं नको म्हनलं. उरलंसुरलं आमच्या दारात. आजवर हेच झालं न्हाई व्हय?"

सुमन सायकल भिंतीला टेकवत म्हणाली, "उरलंसुरलं असू दे. जुनं जातंय ना."

तात्या चिंधीने एकेक बोट पुसत राहिले.

सभेच्या दिवशी वकिलांचे भाषण चांगले झाले. मृधांना वर्गातून नेले तेव्हा फळ्यावर अर्धे वाक्य राहिले होते, असे त्यांनी त्या साप्ताहिकात वाचले होते. ते त्यांनी सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते तसेच बसले. खिडकीबाहेर गाडीवान बैलांना हाकारत होता. अध्यक्षांनी विचारले, कोणाची हरकत. सगळ्यांच्या माना किसनरावांकडे वळल्या. हरकत असलीच तर ती तिथूनच येणार होती. त्यांनी उठून उभे राहायला वेळ घेतला.

"हरकत न्हाई," ते म्हणाले. "इनंती हाय. पाटी लवकर लावा."

सभागृह मोकळे हसले. ठराव एकमताने. दुसऱ्या दिवशीच्या अंकात बातमी पहिल्या पानावर आली. आपल्या जिल्ह्यातले एक शहर जगाकडे पाहते, अशा अर्थाचा मथळा होता.

मग लढाई आली. मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, खिडक्यांना काळे कागद, अंधार पडल्यावर कारखान्याचा भोंगा बंद. गळीत मात्र थांबले नाही, बैल काळोखातही रस्ता ओळखत. दिवस सरले, लढाई संपली, पेढे वाटले. ढाक्याहून याद्या येऊ लागल्या, सापडलेल्यांच्या आणि न सापडलेल्यांच्या. मृधा दुसऱ्या प्रकारात होते. वकिलांनी कचेरीतल्या फोटोला हार घातला आणि पाटीच्या कामाचा पाठपुरावा जोरात सुरू केला.

पाटी लागली ती संक्रांतीनंतर. लोखंडी खांबांवर, छातीच्या उंचीला, निळ्या रंगावर पांढरी अक्षरे. समारंभाला वकिलांनी झेंडूचा मोठा हार आणला होता. पाटीच्या दोन टोकांना खिळे होते, त्यांवर तो अडकवला. फोटो निघाले, राजगिऱ्याचे लाडू वाटले. गल्लीतल्या मुलींनी स्वागतगीत म्हटले. त्या दिवशी सगळ्यांनी वरची ओळ वाचली: प्रा. मोताहार मृधा मार्ग. खाली हाराची झेंडूची रांग होती.

हार सुकला, आक्रसला, एका सकाळी गळून पडला. तेव्हा दुसरी ओळ दिसली. कंसात, बारीक पण स्वच्छ अक्षरांत, 'पूर्वीचा' हा शब्द आणि त्यापुढे ते नाव.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. त्या गल्लीला त्याआधी पाटीच नव्हती. ते नाव लोकांच्या तोंडात होते, कचेरीतल्या कागदांवर होते, पण रस्त्यावर रंगवून उभे केलेले कुठे नव्हते. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला ते कळायला कोणाला तरी विचारावे लागे. आता विचारायची गरज राहिली नाही.

तात्या पालिकेच्या ओव्हरसियरकडे गेले. ओव्हरसियर सभ्य माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला.

"खालची वळ कशाला, साहेब?"

"पद्धत आहे, किसनराव. नाव बदललं की जुनं कंसात. पोस्टमनला, घरपट्टीच्या माणसाला घर सापडायला नको का?"

"पोस्टमन आमच्या पोराटोरांना नावानं वळखतो."

"हा ओळखतो. उद्या बदलून दुसरा आला तर? स्टेशन रोडच्या पाटीवर कंस आहे. शाळेच्या रस्त्यावर आहे. सगळ्यांना एक नियम." त्याने चहाची बशी पुढे सरकवली. "तुमच्यासाठी वेगळं केलं, तर उद्या तुम्हीच म्हणाल, आम्हाला वेगळं काढलं."

वकिलांकडेही ते गेले. वकील म्हणाले, "किसनराव, वरची ओळ किती मोठी आहे ते बघा. खालची काळाबरोबर पुसली जाईल." ते मनापासून म्हणत होते. पालिकेचा ऑइलपेंट चांगल्यापैकी होता.

नियम समान असूनही प्रत्येकावर तो सारखा पडत नाही, हे त्या कोपऱ्यावर उभे राहिले की दिसत होते. स्टेशन रोडच्या कंसात स्टेशन होते. शाळेच्या रस्त्याच्या कंसात एक विहीर होती.

राहात्याची माणसे आली ती त्याच पंधरवड्यात, बाजारच्या दिवशी. सुमनला खोली द्यायला एक बागाईतदार राजी झाले होते. पेरूच्या बागा, रस्त्यालगत घर, मागे दोन खोल्या रिकाम्या. त्यांना सगळे आप्पा म्हणत. सुमनने त्यांना पत्ता सांगितला होता तो नवा, आणि त्यांनी नावाचे कौतुकही केले होते. आता एकट्या मुलीला खोली द्यायची तर घरधनीण एकदा तिच्या घरी जाऊन चहा पिऊन येते, माणसे बघून येते. तशी तिकडे रीतच होती. म्हणून आप्पा आणि त्यांची पत्नी एसटीने आले. मोऱ्यांच्या घराला आदल्या दिवशी चुना लावला होता. शेजारून कपबश्या आणल्या होत्या. पोह्यांना फोडणी पडली होती, तिचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता.

पुढचे उस्मानभाईंनी सांगितले. दोघे दुकानाशी थांबले. आप्पांच्या हातात पेरूंनी भरलेली पिशवी.

"मृधा मार्ग कुठला हो?"

उस्मानभाईंनी पाटी दाखवली. आप्पा वाचू लागले. पत्नीला वाचता येत नव्हते.

"काय लिव्हलंय?" तिने विचारले.

आप्पांनी वरची ओळ मोठ्याने वाचली. खालची मनात वाचली. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"चल," ते म्हणाले.

"कुठं? घर तर हितंच हाय म्हनत्यात."

"गाडी चुकंल."

"आन पेरू?"

आप्पांनी पिशवी बाकावर ठेवली. "बाईंना द्या," ते उस्मानभाईंना म्हणाले. "आमच्या झाडाचे हायेत. म्हनावं, खोलीचं जमत न्हाई. भावाचा पोरगा येनार हाय ऱ्हायला."

"घर समोरच आहे, आप्पा. चहा ठेवलाय त्यांनी."

"बरं हाय," आप्पा म्हणाले, आणि दोघे स्टँडकडे निघाले. बाईने एकदा मागे वळून पाहिले. ती पाटीकडे पाहत नव्हती, गल्लीत पाहत होती. तिला बहुधा अजून कळले नव्हते.

पिशवी उस्मानभाईंनी स्वतः नेऊन दिली. सुमन दारात उभी होती. नवे पातळ, केसांत अबोली.

"कुठपर्यंत आले होते?" तिने विचारले.

"पाटीपर्यंत."

तिने पिशवी घेतली. पेरू गल्लीतल्या पोरांना वाटले. एक स्वतः खाल्ला. गोड होता, असे ती पुढे सांगत असे. त्या गोडीबद्दल ती कधी जास्त बोलली नाही, पण सांगायची मात्र नेहमी.

सुमनबाई आज राहात्यातच राहतात. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या, घर बांधले. टुमदार घर आहे, पुढे जास्वंद, एक पेरूचे झाड. आजूबाजूच्या सगळ्या बंगल्यांना नावे आहेत, संगमरवरावर कोरलेली. यांच्या फाटकावर काही नाही. कोणी विचारले तर म्हणतात, पोस्टमनला माहीत आहे.

त्या वर्षी मात्र तिने खोलीचा नाद सोडला आणि पहाटेच्या एसटीने जाऊ-येऊ लागली. थंडीत, उसाच्या गाड्यांमधून वाट काढत ती स्टँडवर जाताना दिसे. जाताना पाटी उजव्या हाताला, येताना डाव्या.

एका रविवारी तात्या कारखान्यातून काळ्या रंगाचा डबा घेऊन आले. दिव्यांना फासून उरलेला, लढाईतला. ब्रशही होता. उस्मानभाईंच्या दुकानाशी आठ-दहा माणसे जमली. आपण निवडून आलेला सभासद आहोत, पालिकेची पाटी खराब केली तर काय होईल, हे तात्यांना माहीत होते. त्यांनी डब्याचे झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटले.

"तात्या," सुमन म्हणाली, "काळं फासलंत तर जो वाचत नव्हता तोही वाचायला येईल. खाली काय होतं, विचारील."

तात्या ब्रश धरून उभे राहिले. रंगाचा एक थेंब त्यांच्या चपलेवर पडला. मग त्यांनी झाकण लावले.

हाराची कल्पना कोणाची, याबद्दल गल्लीत दोन मते आहेत. सुमन म्हणते आबांची, आबांच्या घरचे म्हणतात सुमनची. समारंभाच्या दिवशी हाराने ती ओळ झाकली होती, एवढे मात्र सगळ्यांना आठवत होते. पुढच्या बाजारच्या दिवशी पाटीवर झेंडूचा नवा हार दिसला, जाड आणि मुद्दाम सैल, वरच्या ओळीखाली बरोबर लोंबणारा. तो सुकायच्या आत दुसरा. घराघरांनी पाळ्या लावून घेतल्या. वळणावर गाड्या थांबल्या की बैल मान लांब करून झेंडू ओढत, मग मधेच नवा हार करावा लागे, म्हणून पोरे बैलांवर लक्ष ठेवू लागली. ज्यांचा या नावाला विरोध होता त्या लक्ष्मण आबांचीही पाळी येई. ते काठी खांबाला टेकवत, हार खिळ्यांत अडकवत, दोन्ही हातांनी खाली ओढून समान करत आणि पाटीला म्हणत, "घ्या परफेसर. झाका."

शहराने ते पाहिले. शहर हेलावले. वकील सकाळी फिरायला त्या बाजूने येऊ लागले. ज्यांनी मृधांना पेठेत जागा दिली नव्हती ते व्यापारी एकमेकांना सांगू लागले की कृतज्ञता शिकावी तर या लोकांकडून. दैनिकात चौकट आली. थोरांच्या पुतळ्यांना वर्षातून एकदा हार मिळतो, इथे एका परदेशी लोकशाहीवाद्याला दर आठवड्याला. त्या चौकटीतला प्रत्येक शब्द तपासला तर बरोबर होता.

गल्लीने खुलासा केला नाही. खुलासा करायचा तर ती ओळ वाचून दाखवावी लागली असती.

होळी जवळ आली, गळीत आटोपत आले. उन्हाची धग वाढली, मळीचा वास आंबूस झाला. तेव्हा वकिलांकडे एक पाहुणा आला. तो मृधांचा विद्यार्थी होता. विशी ओलांडलेला, सडपातळ, एक हात कोपरापासून नीट न वळणारा. त्याच्या देशासाठी मदत गोळा करत पुण्या-मुंबईकडे चालला होता. आपल्या सरांच्या नावाचा रस्ता या मुलखात आहे हे कळल्यावर तो वाट वाकडी करून उतरला. त्याला मराठी येत नव्हते. हिंदी अडखळत बोले, देवनागरी नुकतीच शिकल्यासारखी, अक्षर लावून वाचे.

वकील त्याला घेऊन आले तेव्हा सगळी गल्ली तोंडाशी जमली होती. हार त्याच सकाळी घातलेला, ताजा. पाहुणा पाटीसमोर उभा राहिला. सरांचे नाव त्याने एकदा वाचले, मग बोटाने एकेक अक्षर लावत पुन्हा. नंतर, आपल्याकडे समाधीवरची चादर उचलून डोळ्यांना लावतात तसा, त्याने तो हार दोन्ही हातांनी हळूच वर उचलला आणि डोळ्यांना लावला.

डोळे उघडले तेव्हा समोर दुसरी ओळ होती.

तो तीही वाचू लागला. मोठ्याने. परक्या जिभेवर एकेक अक्षर ठेवत, सरांचे नाव वाचले होते त्याच आवाजात. ते नाव त्या कोपऱ्यावर अनेक सुरांत उच्चारले गेले होते. आदराने उच्चारलेले कोणी ऐकले नव्हते. लक्ष्मण आबांची मान खाली गेली. तात्या हाताकडे पाहू लागले. सोनटक्के वकिलांनी चष्मा वर केला आणि ओळीकडे पाहिले. इतक्या दिवसांत ती त्यांनी बहुधा पहिल्यांदा वाचली.

"यह पुराना नाम है?" पाहुण्याने विचारले.

वकिलांनी सुमनकडे पाहिले.

"जी," सुमन म्हणाली.

"किसका नाम?"

"यहाँ रहनेवालों का."

त्याला ते फार चांगले वाटले असावे. त्याच्या सरांच्या नावाखाली इथल्या माणसांचे नाव. त्याने हार एका हाताने तसाच वर धरून ठेवला, दुसरा, नीट न वळणारा हात जेमतेम छातीशी नेला, आणि वाकून दोन्ही ओळींना नमस्कार केला. मग गल्लीकडे वळून लोकांनाही केला. काही जणांनी परत केला. वळणावर अडकलेला गाडीवान मागून म्हणाला, "वाट द्या की, बैल उन्हात हायेत."

गर्दी बाजूला झाली. वकील पाहुण्याला दंडाला धरून घेऊन गेले. जाताना त्यांनी मागे पाहिले नाही.

सुमन पुढे आली. तिने हाराची दोन्ही टोके धरली आणि तो खाली ओढला, कंस झाकेपर्यंत.